वाहत्या पावसाच्या पाण्याचे प्रदूषण टाळा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की ओढे-नाले गढूळ पाण्याने वाहू लागतात. या पाण्यात केवळ माती नसते. शेतात टाकलेले खत, फवारलेले औषध, उकिरड्याचा रस आणि गावातील केरकचराही त्यात असतो. उन्हाळाभर जमिनीवर साठलेली घाण पहिल्या दोन-तीन पावसांत धुऊन जात असल्याने या वेळचे पाणी सर्वांत जास्त दूषित असते. कारखान्याचे सांडपाणी कोठून येते ते दाखविता येते. हे पाणी मात्र प्रत्येकाच्या बांधावरून आणि अंगणातून थोडे थोडे येते. म्हणून त्याचा बंदोबस्तही प्रत्येकानेच करावयास हवा.

नुकसान कोणाचे?

१ हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५० मि.मी. पाऊस झाला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून गेले, तर हेक्टरी अडीच लाख लिटर पाणी शेताबाहेर जाते. युरिया पाण्यात चटकन विरघळतो व पाण्याबरोबर जातो. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून राहते, म्हणून माती गेली की तेही जाते. पैसे मोजून आणलेले हे खत पुढे तळ्यात शेवाळ आणि जलपर्णी वाढविते.

याहून गंभीर बाब पिण्याच्या पाण्याची आहे. वाहून आलेले व जमिनीत झिरपलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जास्त नायट्रेट असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरच्या दुधातून दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. ओठ व नखे निळसर पडतात आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. गाळण्याने किंवा ब्लिचिंग पावडरनेही ते जात नाही. म्हणून ते विहिरीत येऊच न देणे हाच खरा उपाय होय.

शेतात काय करावे?

१) नांगरट, पेरणी व कोळपणी उताराला आडवी करावी. त्यामुळे प्रत्येक तास पाणी अडविणारा लहान बांधच होतो.

२) कपाशी, तूर यांसारख्या रुंद ओळींच्या पिकांत पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांनी कोळप्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडाव्यात. पाणी सरीत मुरते.

३) बांधावर व पाणी बाहेर पडण्याच्या जागी पावसाळ्याच्या सुरुवातीस १५ सें.मी. अंतरावर वाळ्याची ठोंबे लावावीत. त्याची दाट ओळ माती गाळून घेते व पाणी पुढे सोडते.

४) ओढ्याकाठची पट्टी नांगरू नये. तेथे गवत राखावे.

खते व औषधे

५) शेणखताचे ढीग शेतात उघडे ठेवू नयेत. खत पसरताच कुळवाच्या पाळीने मातीत मिसळावे.

६) पेरणीच्या वेळी खत दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या बाजूला व खाली पेरून द्यावे. युरिया एकदम न देता विभागून, वापसा असताना द्यावा व कोळपणीने झाकावा. जोराच्या पावसाची चिन्हे असताना तो देऊ नये.

७) माती परीक्षण करूनच खताची मात्रा ठरवावी.

८) पाऊस येण्याचा संभव असल्यास फवारणी पुढे ढकलावी. पंप ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नये. औषधाचा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. रिकामा डबा घरात वापरू नये. तो फोडून वस्ती व पाणवठ्यापासून दूर पुरावा.

घरी व गावात

९) उकिरडा व शौचखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगास असावा. उकिरड्याभोवती मातीचा वरंबा घालावा, म्हणजे बाहेरचे पाणी आत शिरणार नाही व रस बाहेर वाहणार नाही.

१०) गोठ्यातील मूत्र व धुण्याचे पाणी नालीत न सोडता खताच्या खड्ड्यात घ्यावे. न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडावे.

११) ट्रॅक्टर ओढ्यात धुऊ नये. इंजिनचे जुने तेल जमिनीवर न ओतता डब्यात साठवून द्यावे.

१२) विहिरीला कठडा बांधावा व भोवती भर घालून पाणी बाहेरच्या बाजूस वळवावे. गावाच्या नाल्या व गटारे मे अखेर साफ करून काढलेला गाळ काठावर न ठेवता उचलून न्यावा.

विहिरीच्या पाण्याची वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. घरात तान्हे मूल असल्यास ती टाळू नये. जोराचा पाऊस ओसरताच प्रत्येकाने आपल्या बांधावरून फेरी मारावी. ज्या जागी पाणी गढूळ होऊन बाहेर पडते, ती जागा खुणेने हेरून ठेवावी आणि वाळ्याची पहिली ओळ तेथेच लावावी.