वृद्धांचा रक्तकर्करोग : उपचाराला वयापलीकडचे माप

पुण्यात पहाटे पर्वतीवर गेल्यास पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे सुमारे शंभर पायऱ्या सहज चढताना दिसतात. त्याच शहरात सत्तरीच्या आतच स्नानासाठी दुसऱ्याचा आधार लागणारे वृद्धही आहेत. या दोघांनाही रक्ताचा कर्करोग झाला, तर उपचार एकच असावा काय? केवळ जन्मतारीख पाहून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, हे वैद्यकशास्त्राने आता मान्य केले आहे.

मल्टिपल मायलोमा हा प्रामुख्याने उतारवयातील रक्तकर्करोग होय. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात. त्यामुळे हाडे ठिसूळ होतात, रक्तक्षय होतो व मूत्रपिंडांना इजा पोहोचते. 2015 साली आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने 869 वृद्ध रुग्णांच्या अभ्यासावरून क्षीणता मोजण्याची पद्धत मांडली. वय, स्वतःची नित्यकर्मे, स्वयंपाक-खरेदीसारखे व्यवहार आणि अन्य आजार या चार बाबींना गुण दिले जातात. शून्य गुणांचा रुग्ण सक्षम, एक गुणाचा मध्यम, दोन वा अधिक गुणांचा क्षीण. तीन वर्षांनंतर सक्षम गटातील 84 टक्के, तर क्षीण गटातील 57 टक्के रुग्ण हयात होते.

या वर्गवारीवरून औषधांची संख्या व मात्रा ठरविण्यास मदत होते. उदाहरणार्थ, डेक्सामेथासोनची आठवड्याची मात्रा क्षीण रुग्णास 40 ऐवजी 20 मिलिग्रॅम वा त्याहूनही कमी दिली जाते. मात्र सक्षम वृद्धास केवळ वयामुळे अपुरा उपचार देणे हेही तितकेच हानिकारक आहे. शिवाय क्षीणता कायमची असतेच असे नाही. ती रोगामुळेच आली असेल, तर वेदना व रक्तक्षय कमी होताच शक्ती परतू शकते. म्हणून ही तपासणी वेळोवेळी करावी लागते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 2018 पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. तेथे चालणे, स्मरणशक्ती, पोषण, मनःस्थिती व घरचा आधार यांचीही पाहणी होते. यांतील काही चाचण्या अगदी साध्या आहेत. 2019 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, 75 वर्षांवरील 448 रक्तविकारग्रस्तांच्या अभ्यासात चार मीटर चालण्याचा वेग मंद असलेल्यांचे आयुष्य कमी आढळले. या चाचणीस टेप आणि घड्याळ पुरते.

येथे शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. डॉक्टरांसमोर “मी ठीक आहे” म्हणण्याची वृद्धांची प्रवृत्ती असते. म्हणून सोबत जाणाऱ्याने सहा महिन्यांत रुग्ण कितीदा पडला, वजन किती घटले, औषधे कोण देते, हे सांगावे; आयुर्वेदिक औषधांसह सर्व औषधे दाखवावीत. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. गावातील प्रत्येक पात्र वृद्धाचे कार्ड आजारापूर्वीच तयार असेल, तर निदानानंतरचे मोलाचे दिवस कागदपत्रांत जाणार नाहीत.