क्षयरोगाचे औषध आणि व्यसनाधीन रुग्ण

पुलाखाली गर्द ओढणारा एखादा तरुण खोकताना तुम्ही पाहिला असेल. तो झिजत चालला आहे, रात्री घामाने भिजतो. हा सारा गर्दाचाच परिणाम होय, असे आपण सहज मानतो. पण हीच क्षयरोगाचीही लक्षणे आहेत. शिवाय अफूजन्य पदार्थ खोकला दाबतात. त्यामुळे रोग कित्येक दिवस झाकून राहू शकतो. खोकला वा ताप दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास थुंकीची तपासणी अगत्याची आहे.

“आधी व्यसन सोड, मग औषध,” असे त्याला सांगावे काय? मुळीच नाही. चालू व्यसन हे उपचार नाकारण्याचे कारण होऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. (‘गर्दुल्ला’ हा शब्द दवाखान्याच्या दारात उच्चारला, की पुष्कळदा तेथूनच तो परत फिरतो.)

मात्र एक अडचण नीट समजून घ्या. अफूजन्य व्यसनावर आपल्या देशात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे पर्यायी औषध केंद्रांतून देतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन यकृतातील एन्झाइम इतकी चेतवते, की मेथाडोन शरीरातून भराभर नाहीसे होते. आठवड्या-दोन आठवड्यांत अंगदुखी, जुलाब, अनिद्रा आणि तलफ परत येतात. लोक म्हणतात, “बघा, पुन्हा घसरला!” त्याने तर एकही डोस चुकविलेला नसतो. तो बिचारा क्षयाच्या गोळ्यांनाच दोष देऊन त्या टाकून देतो, आणि अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो. यावर उपाय साधा आहे: दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे ठाऊक असावीत, म्हणजे मेथाडोनची मात्रा वेळीच वाढविता येते. ब्युप्रेनॉर्फिनवरही हा परिणाम होऊ शकतो, म्हणून तेथेही लक्ष हवेच. दोन्ही औषधे एकाच खिडकीवर रोज समक्ष दिली, तर सहा महिन्यांचा पल्ला पुष्कळ सुकर होतो.

यकृताचीही काळजी घ्यावी. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही त्यावर भार टाकतात. एकमेकांच्या सुया वापरणाऱ्यांत हेपटायटिस सी पुष्कळ आढळतो. लघवी नारिंगी झाली, तर घाबरू नका. तो रिफॅम्पिसिनचा रंग होय. परंतु डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

उपचार संपल्यावर रिफॅम्पिसिनचा प्रभाव सुमारे दोन आठवड्यांत ओसरतो. तेव्हा वाढविलेली मेथाडोनची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा उतरवावी लागते. नाहीतर तीच मात्रा त्याचा श्वास मंदावू शकते.