घरच्या गॅसवर चिकन हक्का नूडल्स: एका वेळी दोनच प्लेट

व्हिडिओत आपण चिकन हक्का नूडल्सची कृती बघितली. हाच पदार्थ घरून विकायचा असेल तर काय बदलतं, ते आज नीट समजून घेऊ. वही-पेन जवळ ठेवा, पुढे हिशोब आहे.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही संध्याकाळी सातनंतर स्टेशनबाहेर चक्कर मारा. चायनीजची गाडी दिसणारच. म्हणजे गिऱ्हाईक शोधायला जायची गरज नाही, चव लोकांच्या जिभेवर आधीच बसलेली आहे. ती बसली कशी, तेही बघा. कोलकात्यातून मुंबईत आलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपलाच पाया, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. तुमचं गिऱ्हाईक हेच 'आपलं चायनीज' मागतं. त्याला चीनमधली अस्सल चव विकायला जाऊ नका.

मग अडतं कुठे? घरी चार माणसांसाठी केलेल्या नूडल्स मस्त होतात. सोसायटीतून बारा प्लेटची ऑर्डर येते, सगळा माल एका मोठ्या पातेल्यात जातो आणि लगदा होतो. कारण साधं आहे. गाडीवाल्याकडे भट्टी असते. तिची आच एवढी मोठी की माल पडला तरी कढई थंड होत नाही. आपल्या शेगडीला तेवढा दम नाही. जास्त माल टाकला की कढई थंड पडते, कोबी-सिमला मिरचीला पाणी सुटतं आणि नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफवल्या जातात. सॉस वाढवून हे सुधारत नाही, उलट जास्त चिकट होतं.

म्हणून नियम एकच: घरच्या गॅसवर एका वेळी दोनच प्लेट. बारा प्लेट म्हणजे सहा घाणे. तुमचा वेळ, ऑर्डरची संख्या आणि भाव, तिन्ही यावर ठरणार आहेत.

काही जण म्हणतील, "मग गाडीवरची हाय-प्रेशर भट्टीच घेतो ना!" फ्लॅटच्या स्वयंपाकघरात अजिबात नको. ती मोकळ्या हवेत चालवायची वस्तू आहे. सिलिंडरचंही लक्षात ठेवा. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापरासाठीच आहे, धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. पाइपचा गॅस असेल तर धंद्याच्या वापराबद्दल गॅस कंपनीला आधी विचारा, आणि सोसायटीच्या कमिटीच्याही कानावर घाला. शेजाऱ्याने तक्रार केल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं.

आता दोन प्लेटचं माप. १५० ग्रॅम कोरड्या हक्का नूडल्स, १२० ग्रॅम बोनलेस चिकन, कोबी-गाजर-सिमला मिरची-कांदा मिळून साधारण १६० ग्रॅम, एक मोठा चमचा बारीक चिरलेला लसूण, थोडं आलं, दोन मिरच्या, पातीचा कांदा. सगळं वजनकाट्यावर मोजा. "अंदाजाने" हा शब्द घरात चालतो, धंद्यात नाही. आज चिकन भरपूर आणि उद्या चार तुकडे असं झालं की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही.

नूडल्स दोन लिटर उकळत्या पाण्यात, मीठ टाकून. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी एक नूडल दाताखाली दाबा. आत किंचित कडक लागली की लगेच चाळणीत ओता आणि वरून गार पाणी सोडा. पाणी पूर्ण निथळू द्या, चमचाभर तेल चोळा आणि ताटात पसरून ठेवा. ओल्या नूडल्स कढईत गेल्या तर पुढची सगळी मेहनत वाया. अर्धा तास पसरून ठेवणं पुरतं. त्याहून जास्त वेळ ठेवायच्या असतील तर झाकून फ्रिजमध्ये. मुंबईच्या दमट हवेत उकडलेल्या नूडल्स दुपारपासून ओट्यावर ठेवून रात्री विकणं म्हणजे पोट बिघडवायची हमी. नंतर कितीही गरम केल्या तरी काही जंतूंनी सोडलेलं विष त्या उष्णतेने जात नाही.

चिकनचे बोटाएवढे पातळ काप, धाग्याच्या आडवे. त्याला एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा व्हिनेगर, मिरपूड, चमचाभर कॉर्नफ्लोअर लावून वीस मिनिटं फ्रिजमध्ये. कॉर्नफ्लोअरमुळे चिकन चिवट होत नाही. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट भाजीपासून वेगळे, यात तडजोड नको. चिकन नळाखाली धुऊन सिंकभर शिंतोडे उडवण्याचीही गरज नसते.

कढई लोखंडी, पातळ. ती धूर धरेपर्यंत तापू द्या. आधी थोड्या तेलात चिकन एकटं परता, आतला गुलाबीपणा पूर्ण गेला की बाजूला काढा. पुन्हा तेल, मग लसूण-आलं-मिरची दहा-पंधरा सेकंद. त्यावर कांदा-गाजर, लगेच कोबी-सिमला मिरची, मोठ्या आचेवर मिनिटभरच. भाजी कुरकुरीत राहिली पाहिजे. मग नूडल्स, चिकन, आणि आधीच वाटीत कालवून ठेवलेला सॉस: एक मोठा चमचा सोया, एक छोटा चमचा चिली सॉस, एक छोटा व्हिनेगर, मिरपूड. सॉस कढईच्या कडेने सोडा, म्हणजे तापलेल्या लोखंडाला लागून त्याला तो गाडीसारखा वास येतो. मीठ शेवटी चाखूनच, कारण सोयात ते भरपूर असतं. दीड-दोन मिनिटं उलथापालथ, पातीचा कांदा, गॅस बंद.

ही प्लेट लगेच खाऊन बघू नका! डब्यात भरा, झाकण लावा, पिशवीत ठेवा आणि अर्ध्या तासाने खा. गिऱ्हाईक खाणार आहे ती हीच प्लेट. वाफ कोंडून भाजी मऊ झाली असेल तर पुढच्या वेळी भाजी थोडी आधी थांबवा आणि झाकण लावण्यापूर्वी डबा मिनिटभर उघडा ठेवा. ही चाचणी तीन-चार वेळा केल्याशिवाय पहिली ऑर्डर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वेळ. एक घाणा साधारण पाच-सहा मिनिटं, कढई पुसून पुन्हा तापवायला दोन, डबे भरायला दोन. म्हणजे घाण्याला दहा मिनिटं, तासाला बारा प्लेट. तेही सगळं आधी चिरून, मोजून, वाट्यांमध्ये लावून ठेवलं असेल तरच. रात्री आठ ते दहा धरले तर चोवीस प्लेट. एकटी बाई किंवा एकटा माणूस असेल तर अठरावरच थांबा. ऑर्डर संध्याकाळी सहापर्यंतच घ्या आणि प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ ठरवून द्या. "आता नाही, साडेनऊला देते" म्हणायला लाजायचं नाही. घाईत दिलेली वाईट प्लेट सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट फिरते.

भाव काढू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले घाला. दोन प्लेटला नूडल्स २५ रुपये, चिकन ३६० रुपये किलोने ४३, भाजी २०, तेल ५, सॉस ८, गॅस ५, दोन डबे १४, पिशवी-काटे ६. एकूण १२६, म्हणजे प्लेटला ६३. इथेच बहुतेक जण थांबतात आणि ९० रुपये भाव लावतात. तुमची मजुरी कुठे गेली? चिरण्यापासून भांडी घासण्यापर्यंत प्लेटमागे दहा मिनिटं धरा. तासाला ९० रुपये म्हटले तरी १५ झाले. नासधूस ४. म्हणजे ८२. १४० ला विकली तर ५८ राहतात. तीच प्लेट अ‍ॅपवरून गेली आणि समजा २५ टक्के कमिशन कापलं गेलं, तर ३५ गेले, राहिले २३. त्यातून ऑफर दिली की संपलंच. दिवसाला अठराच प्लेट करू शकणाऱ्याने आधी आपल्या आणि शेजारच्या सोसायट्या धराव्यात. गाडीवाल्याच्या भावाशी स्पर्धा तर करूच नका. तो एका वेळी सहा प्लेट काढतो, तुम्ही दोन.

मग लोकांनी जास्त पैसे का द्यावेत? त्या लालभडक रंगापासून सुटका म्हणून. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी आणली. मार्चमध्ये कर्नाटक सरकारने त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. पालक हे वाचतात. तुम्ही रंगाची बाटली घरात आणूच नका. बेडगी किंवा काश्मिरी मिरची भिजवून वाटा, रंग छान येतो. अजिनोमोटोही विचारतील. ते न घालता चव येते, पण पाटीवर 'झीरो एमएसजी' लिहू नका, कारण सोया सॉसमध्ये ग्लुटामेट मुळातच असतं. 'वरून अजिनोमोटो घातलेलं नाही' असं लिहा. ते खरं आहे.

एफएसएसएआयची नोंदणी घरगुती किचनलाही लागते. फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो, मधल्या माणसाला हजारो रुपये द्यायची गरज नाही. मिळालेला १४ आकडी नंबर बिलावर टाका.

राहिले वार. आपल्याकडे बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार चिकन शिजत नाही. तेव्हा बुधवार, शुक्रवार, रविवार एवढेच तीन दिवस सुरू करा आणि चिकन त्याच दिवशी सकाळी आणा. मुलुंड-घाटकोपरच्या शाकाहारी इमारतींतून व्हेज नूडल्सची मागणी येईल, पण एकाच कढईत दोन्ही करून 'व्हेज' म्हणून विकायचं नाही. दुसरी कढई, दुसरा झारा आणि दुसरा पाट घ्याल तेव्हाच ती ऑर्डर घ्या. आषाढाच्या शेवटच्या दिवसांत, गटारीपर्यंत, चिकनला उसंत मिळणार नाही. त्यानंतर श्रावणात मागणी एकदम पडते, म्हणून त्या महिन्यासाठी व्हेजची कढई जूनमध्येच घेऊन ठेवा.