उन्हाळ्याची सुटी, सेवा आणि वेतन



परीक्षा आटोपली म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील गांवोगांवीं एक प्रश्न उभा राहतो. नववी-दहावीच्या मुलानें सुटींत काय करावें? ज्याच्या घरीं भाकरीची चिंता नाहीं, तो मामाच्या गांवीं जातो. ज्याच्या घरीं ती आहे, तो बापाबरोबर वीटभट्टीवर जातो, आणि जून महिन्यांत कोणी कोणी शाळेंत परत येतच नाहीं. ह्या पाठांत आपण तिसऱ्या मार्गाचा विचार करूं. तो असा कीं, मुलानें जवळच्या धर्मादाय संस्थेंत काम करावें, तेथें शिकावें आणि त्याबद्दल वेतन घ्यावें.

१. सेवेबद्दल वेतन कां?

कोणी म्हणेल, सेवा फुकटच असावी. आपल्याच जिल्ह्यांत शेगांव येथें श्रीगजानन महाराज संस्थानांत खेड्यापाड्यांतील सेवेकरी पाळीपाळीनें येऊन बिनवेतन सेवा करितात, आणि तेथील शिस्त व स्वच्छता सर्वांस ठाऊक आहे. हें स्तुत्य होय. परंतु तो सेवेकरी घरची तजवीज लावून येतो. गरीब शाळकरी मुलाला महिनाभराची मजुरी बुडविणें परवडत नाहीं. सर्वच काम फुकट ठेविलें, तर अनुभव, ओळख आणि शिफारस हीं सुखवस्तु घरच्या मुलांसच मिळतात, आणि ज्यास त्यांची अधिक गरज तो दाराबाहेर राहतो.

२. इतरांनीं काय केलें?

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं ती साताऱ्यास नेली. त्यांच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहून स्वयंपाक व शेतकाम करीत. मुलांच्या अन्नाकरितां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं आपले दागिने दिले. पुढें १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत विद्यार्थी श्रम करून शिकूं लागले. 'कमवा व शिका' हे शब्द महाराष्ट्रास तेथूनच परिचित झाले.

न्यू यॉर्क शहरांत १९६३ पासून उन्हाळी रोजगाराची योजना आहे. तींत १४ ते २४ वर्षांच्या मुलामुलींस सुमारें सहा आठवडे काम मिळतें, आणि त्यांतील पुष्कळ कामें लोकसेवेच्या संस्थांतलीं असतात. बँक ऑफ अमेरिका ही बँकही २००४ पासून वरच्या इयत्तांच्या निवडक विद्यार्थ्यांस आठ आठवडे स्थानिक संस्थांत सवेतन ठेविते. ह्यांत एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. वेतन संस्थेच्या पेटींतून जात नाहीं. एकीकडे शहर तें देतें, दुसरीकडे बँक.

आपल्या राज्यांत २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. तींत बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन ठरलें. परंतु तिची वयोमर्यादा १८ ते ३५ अशी असल्यामुळें शाळकरी मूल तींत बसत नाहीं. त्याची सोय गांवानेंच करावयाची आहे.

३. कायदा काय सांगतो?

१९८६ चा बालमजुरीविषयींचा कायदा २०१६ सालीं दुरुस्त झाला. त्याप्रमाणें चौदा वर्षांखालील मुलास नोकरीवर ठेवतां येत नाहीं, आणि चौदा ते अठरा वर्षांच्या मुलास धोक्याचें काम देतां येत नाहीं. सलग तीन तासांहून अधिक काम नको, मग एक तास विश्रांति हवी. विश्रांतीसह दिवस सहा तासांहून मोठा नको. सायंकाळीं ७ ते सकाळीं ८ काम नाहीं, आणि आठवड्यास एक सुटी अवश्य आहे.

४. आरंभ कसा करावा?

वाचनालयांतील पुस्तकांची नोंद, दवाखान्यांत आलेल्यांचीं नांवें लिहून घेणें, वसतिगृहाच्या धान्याचा हिशेब, निरक्षर वृद्धांचे अर्ज लिहून देणें, अशीं सावलींतलीं कामें निवडावीं. काम कोणतें, तास किती, वेतन किती व शिकविणारा कोण, हें आधींच कागदावर लिहावें. पैसे मुलाच्या स्वतःच्या खात्यांत जमा करावे. मुली असल्यास दोघी मिळून पाठवाव्या, आणि तेथें जबाबदार स्त्री असावी.

खर्च भारी नाहीं. उदाहरणार्थ, रोज २५० रुपयांप्रमाणें २४ दिवसांचे ६,००० रुपये होतात. साठ घरांनीं शंभर-शंभर रुपये दिले, तर एका मुलाची सुटी सार्थकीं लागते.

संस्थाचालकांनीं मात्र आपली एक कसोटी घ्यावी. मुलगा जून महिन्यांत शाळेंत गेल्यावर आपलें काम अडेल काय? अडत असेल, तर ती जागा पूर्ण पगाराच्या प्रौढ माणसाची आहे. मुलास स्वस्तांत राबवून ती भरूं नये.

विचारार्थ प्रश्न

(१) आपल्या गांवांतील कोणतें मूल गेल्या उन्हाळ्यानंतर शाळेंत परतलें नाहीं?
(२) आपल्या जवळच्या कोणत्या संस्थेंत त्यास शिकण्याजोगें काम आहे?
(३) तीं साठ घरें कोणतीं?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर लिहितांना पहिलें नांव आपलें असावें.