तुमच्या तासाला बसू का?

प्राध्यापकाला शिकवायला शिकवणारी यंत्रणा आपल्याकडे कमी नाही. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं (एचआरडीसी) झाली, २०२३पासून ती मालवीय मिशनची केंद्रं आहेत. ओरिएंटेशन, रिफ्रेशर उरकून माणूस परततो, प्रमाणपत्र पदोन्नतीच्या (कॅस) फायलीत लावतो आणि वर्गाचं दार लोटून घेतो. त्यानंतर बहुतेकांचा तास दुसरा कोणी प्राध्यापक सहसा पाहतच नाही. मी जिल्ह्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवते. आमच्या महाविद्यालयात आम्ही काही जणांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायला सुरुवात केली, त्यातून हाती लागलेलं हे थोडंफार.

१. सही करणारा माणूस मागच्या बाकावर नको.

मूल्यमापनाच्या फॉर्मवर विभागप्रमुखांची सही लागते. तेच वर्गात येऊन बसले की तास नेहमीचा राहत नाही. पीपीटी निघते, हुशार मुलं पहिल्या बाकावर येतात, एरवी न विचारले जाणारे प्रश्न विचारले जातात. म्हणून आम्ही जोड्या लावल्या त्या वेगवेगळ्या विभागांतल्या. विषय न येणं हा पाहणाऱ्याचा मोठा गुण आहे, हे तेव्हा कळलं. आमच्या विभागातले एक तरुण सर प्रमाण विचलन शिकवत होते. सूत्र फळ्यावर आलं, उदाहरण सुटलं, मुलांनी उतरवूनही घेतलं. मागे बसलेल्या भूगोलाच्या मॅडम नंतर म्हणाल्या, "सर, फरकांचा वर्ग कशासाठी केला हे कळायच्या आतच तुम्ही वर्गमूळ काढून मोकळे झालात." संख्याशास्त्रवाल्याला ही शंका आली नसती. त्याला ते कळून इतकी वर्षं झालेली असतात, की न कळणं कसं असतं हेच आठवत नाही.

२. तोंड मुलांकडे ठेवा.

खिडकीकडच्या भिंतीला लागून, वर्गाच्या मध्यावर बसावं. तिथून चेहरेही दिसतात आणि वह्याही. वहीत विशेषणं लिहायची नाहीत, वेळ लिहायची. किती वाजता मागच्या रांगेतली पेनं थांबली, प्रश्न कोणी विचारला, "समजलं ना?" नंतर सर किती वेळ थांबले. या शेवटच्या गोष्टीवर अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात बारकाईने काम केलं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, बोलणारी मुलंही वाढतात, असं त्यांना आढळलं. त्यांचं काम शाळांमधलं होतं. पण दहावीपर्यंत मराठीत शिकून बीएस्सीला इंग्रजी पुस्तकांपुढे बसलेल्या मुलीला आधी उत्तर मनात जुळवायचं असतं, मग धीर गोळा करायचा असतो. तिला तर तीनही कमीच.

३. पाहणाऱ्याने गुरू व्हायची घाई करू नये.

शिक्षकांनी एकमेकांना वर्गात मदत करावी ही कल्पना ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात रुजवली. गंमत अशी, की १९९६मध्ये त्यांनीच सांगितलं : तास पाहून झाल्यावर अभिप्राय देणं बंद करा. अभिप्राय आला की बरोबरीचं नातं संपून तपासणी सुरू होते. त्यांच्या मांडणीत जो शिकवतो तो मार्गदर्शक आणि जो पाहतो तो शिकणारा. आमच्याकडची ज्येष्ठता यादी बघता हे पचायला जड आहे. आम्ही त्यातून एक नियम काढला : ज्येष्ठांचा तास आधी, कनिष्ठ पाहणार. बरेच ज्येष्ठ या एका अटीवर गळाले, आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं.

४. नंतरच्या चहाला "छान झाला तास" चालणार नाही.

ते वाक्य म्हणजे दार बंद करणं. त्याऐवजी वहीतल्या वेळा वाचून दाखवाव्यात आणि विचारावं, "इथे काय ठरवलं होतं?" पुढचं शिकवणाराच बोलतो. हे त्याच दिवशी व्हावं. दोन दिवसांनी कोणालाच काही आठवत नाही.

५. एका सत्रात एकच बदल.

असा एक बदल म्हणून हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांची पद्धत आम्हाला मानवली. तासाच्या मध्ये संकल्पनेवरचा एक बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. मतं घ्यायला यंत्र लागत नाही. पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि फळ्यापाशी उभ्या माणसाला सगळी दिसतात. दीडशेच्या वर्गातही जमतं. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातल्या सरांना आधी सांगून ठेवावं.

६. नॅकच्या फायलीत फक्त तारीख.

नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाला (आयक्यूएसी) जिओटॅग फोटो हवा असतो, अहवाल हवा असतो. फोटो द्यावा, जोडीची नावं द्यावीत. वहीतलं पान मात्र ज्याचा तास, त्याच्याच हाती. ते पान एकदा जरी कोणाच्या प्रमोशनच्या बैठकीत दिसलं, तरी दुसऱ्या दिवशी सगळी दारं पुन्हा बंद होतील.

७. वेळ कोणाचा, हे आधी विचारा.

कायम सहायक प्राध्यापकाला नियमाने आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. त्याला ऑफ तासात दुसऱ्याच्या वर्गात बसणं जमतं. तासिका तत्त्वावरच्या मंडळींचं तसं नाही. त्यांना शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात, आणि तास संपला की दुसऱ्या कॉलेजची एसटी पकडायची असते. शिकायची हौस बहुधा त्यांनाच जास्त, पण चारनंतरच्या बैठकीला ते थांबले नाहीत तर त्यांना निरुत्साही ठरवलं जातं. आम्ही पाहण्याचा तास आणि नंतरचं बोलणं त्यांच्या दोन तासांच्या मधल्या फटीत बसवलं. प्राचार्यांनी ते वेळापत्रकात घालायला मान्यता दिली. त्या वेळेचं मानधन द्यावं, असा अर्जही आम्ही केला आहे. त्यावर अजून शेरा आलेला नाही.