बनेश्वरची घंटा व वसईचा मनोरा

पुणें-सातारा रस्ता सोडून वेल्ह्याच्या वाटेस लागलें कीं प्रथम भोर तालुक्यांतील नसरापूर हें गांव लागतें. गांवाजवळ दाट झाडींत, शिवगंगेच्या कांठीं, बनेश्वराचें देवालय आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७४९ च्या सुमारास, तें बांधलें गेलें. समोर स्वच्छ पाण्याचीं कुंडें आहेत व भर उन्हाळ्यांतही तेथें गारवा असतो.

राजगड पाहण्यास निघालेली आमची तुकडी विसाव्यासाठीं येथें थांबली. देवदर्शन झाल्यावर आमचें लक्ष घंटेकडे गेलें. जवळ जाऊन पाहतों तों तिजवर क्रूस व १६८३ हा आंकडा! शिवालयांत क्रूसाची घंटा कशी आली, हा प्रश्न साहजिकच सर्वांच्या मनांत उभा राहिला.

गुरुजींनीं उलगडा केला. वसई १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांस मिळाली व दोनशें वर्षांवर त्यांजकडे राहिली. पुढें थोरल्या बाजीरावांचे बंधु चिमाजीअप्पा यांनीं १७३९ च्या फेब्रुवारींत किल्ल्यास वेढा घातला. तट सुरुंगांनीं उडविण्यांत व चढून जाण्यांत दोन्ही बाजूंचीं पुष्कळ माणसें पडलीं. मे महिन्यांत किल्ला शरण आला. ठरलेल्या कलमांप्रमाणें शिबंदीस शस्त्रें घेऊन, निशाणें फडकवीत बाहेर जाऊं दिलें. या मोहिमेंत वसई व साष्टी प्रांतांतील प्रार्थनामंदिरांच्या घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या व त्यांनीं त्या देशावरील देवळांस अर्पण केल्या. बनेश्वरची घंटा त्यांपैकीं एक होय. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडून वाईकडे गेल्यास मेणवलीच्या घाटावर अशीच एक घंटा दिसते. तिजवर बाळ येशूस घेतलेल्या मरीयेची आकृति आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटाही याच विजयाची आठवण म्हणून प्रसिद्ध आहे.

हें ऐकून आमच्यांत दोन तट पडले. एक सोबती म्हणाला, “ही आपल्या विजयाची खूण आहे, तिचा अभिमान वाटला पाहिजे.” दुसऱ्याचें आजोळ वसईचें. तो म्हणाला, “ज्या मनोऱ्यांतून ती काढली, त्याखालीं राहणाऱ्या माणसांना काय वाटलें असेल?” शब्दानें शब्द वाढला आणि राजगडाची चढण चढतांना दोघांचें बोलणें बंद पडलें. गुरुजी एवढेंच म्हणाले, “मुलांनो, घंटा तुम्ही पाहिली. दिवाळीच्या सुटींत मनोराही पाहूं, मग निवाडा करा.”

मधल्या काळांत आम्हीं घंटेचा थोडा अभ्यास केला. घंटेचें कांसें म्हणजे सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील यांचें मिश्रण. कथील वाढविलें म्हणजे धातु कठीण व नादमय होतो, परंतु ठिसूळही होतो. तोफेस स्फोटाचा धक्का सोसावयाचा असल्यामुळें तिच्या धातूंत कथील दहाव्या हिश्श्याच्या आसपासच ठेवीत. घंटा ओततांना मातीचा गाभा करून त्यावर बाहेरचा सांचा बसवितात आणि दोहोंमधील पोकळींत तापलेला रस सोडतात. साल, नांव किंवा चिन्ह सांच्याच्या आंतल्या अंगास उलटें उमटविलेलें असतें, म्हणून तें घंटेवर सुलटें व उठावानें येतें. अशीं उठावाचीं अक्षरें मागाहून घालतां येत नाहींत. तीं घंटेबरोबरच जन्मतात. आतां गणित करावें. १७४९ मधून १६८३ वजा केले तर ६६ उरतात. म्हणजे घंटा देवालयाहून सहासष्ट वर्षांनीं वडील! ती ओतली गेली तेव्हां छत्रपति संभाजी महाराज राज्य करीत होते.

सुटींत आम्ही वसईस गेलों. किल्ल्यांत अनेक प्रार्थनामंदिरांच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. छप्परें केव्हांच गेलीं. त्यांपैकीं संत योसेफाचें मंदिर सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधलें गेलें व १६०१ सालीं वाढविण्यांत आलें. त्याचा मनोरा आम्हीं चढावयास घेतला. बनेश्वरची घंटा याच मनोऱ्यांतील, असें म्हणण्याचें आमच्या मनांत नव्हतें. अशा घंटेचें घर कसें असतें तें आम्हांस पाहावयाचें होतें.

जिना दगडी, चक्राकार व इतका अरुंद कीं एका वेळीं एकच माणूस मावतो. आंत काळोख. एक हात भिंतीस लावून, पुढच्याच्या टांचेवर नजर ठेवून आम्ही चढलों. वर येतांच वारा अंगावर आला. एकीकडे खाडी व तिवरांची झाडी, पलीकडे समुद्र, पाण्यावर कोळ्यांच्या होड्या, खालीं ताडांचे शेंडे. घंटा इतक्या उंच कां टांगीत, हें तेथें निराळें सांगावें लागलें नाहीं. खालच्या घरांनीं व तटांनीं अडेल तो नाद येथून सर्वांच्या माथ्यावरून दूर जातो. देवळांत जो तो आपल्या हातानें घंटा वाजवून आपण आल्याचें देवास कळवितो. येथें दोर ओढणारा एक, पण हांक सबंध वस्तीस. पहांटे, दुपारीं व सायंकाळीं प्रार्थनेची वेळ ती सांगे. कोणी वारल्यास तिच्या संथ ठोक्यांवरून शेजारच्या वाडीस कळे.

आमचे दोघे सोबती शेजारीं उभे होते. विजयाचा अभिमान सांगणारा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “येवढा मनोरा, आणि मुका! हें मीं मनांत आणलें नव्हतें.” त्यावर वसईचें आजोळ असलेला म्हणाला, “पण आपली नसरापूरची घंटा अजून वाजते ना? तिची तोफ नाहीं झाली.”

हें उत्तर आम्हां सर्वांस पटलें. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सरकारनें युरोपांतील सुमारें पावणेदोन लाख घंटा धातूसाठीं उतरवून नेल्या. त्यांतील बहुतेक वितळून गेल्या. १७३९ सालींही तोफांची गरज कांहीं थोडी नव्हती. तरी ज्यांनीं वसई जिंकली त्यांनीं या घंटा आपल्या देवापुढें टांगल्या आणि त्यांवरील क्रूस तसाच राहूं दिला. एकाच घंटेंत जिंकणाऱ्याचा आनंद आहे, हरणाऱ्याचें दुःख आहे आणि पवित्र वस्तूविषयींचा आदरही आहे. यांपैकीं एकच गोष्ट सांगणारा इतिहास अपुरा होय. मनोऱ्यावरून उतरतांना दोघे मित्र पुन्हां बोलूं लागले होते.

वाचक बंधुभगिनींनीं आपल्या गांवच्या देवळांतील जुन्या घंटेवर कांहीं अक्षरें आहेत काय, तें एकदां निरखून पाहावें. आणि वडील मंडळींनीं रंग किंवा शेंदूर फांसून तीं बुजूं देऊं नयेत, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.