आजारी कोंबडीची घरगुती शुश्रूषा

“कोंबडीला कसला दवाखाना? कापावी आणि मोकळें व्हावें,” असें खेड्यापाड्यांतून नेहमीं ऐकूं येतें. विक्रीसाठीं शेंकडों पक्षी पाळणाऱ्यास एकेकीकडे पाहण्यास सवड नसते, हें खरें. परंतु ज्या घरीं दोन-चार कोंबड्या मुलांच्या पायांत घोटाळत वाढतात, तेथील गोष्ट निराळी आहे. तेथें कोंबडीस नांव असतें, आणि ती आजारी पडली म्हणजे लहान मूल जेवत नाहीं. शिवाय रोगट पक्षी कापून साफ करणें हें कापणाऱ्याच्याही प्रकृतीस अपायकारक ठरण्याचा संभव असतो.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. पशुवैद्यकाचें शिक्षण मला नाहीं. सबब औषधांचीं प्रमाणें सांगण्याचें धाडस मी करीत नाहीं. पशुवैद्य येईपर्यंत व येऊन गेल्यावर घरच्या माणसानें काय करावें, इतकाच या लेखाचा विषय आहे.

आरंभीं स्वतःची चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या घरची एक कोंबडी मान टाकून बसली. कोणीसें सांगितलें, म्हणून मीं तिची चोंच उघडून चमचाभर कोमट तेल व पाणी घशांत ओतलें. तिनें मान झटकली, घशांत घरघर झाली, आणि पाव तासांत ती गेली. कोंबडीच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें; बळेंच ओतलेलें पाणी पोटांत न जातां फुप्फुसांत उतरतें, हें मला मागाहून कळलें. ती रोगानें मेली नाहीं, माझ्या हातानें मेली. ही चूक इतरांकडून होऊं नये, हाच या लिखाणाचा मुख्य हेतु आहे.

१. आजार ओळखणें. कोंबडी आपलें दुखणें लपविते. दुर्बळ दिसणाऱ्या पक्ष्यावर शत्रु प्रथम झडप घालतो व कळपांतील इतर कोंबड्याही त्यास टोंचतात, म्हणून अंगांत त्राण आहे तोंपर्यंत ती दाणे टिपल्याचा बहाणा करिते. यास्तव तिचें दुखणें आपल्या नजरेस येतें तेव्हां तें बहुधा पुढें गेलेलें असतें. पिसें फुगवून कोपऱ्यांत उभें राहणें, डोळे मिटणें, तुरा फिकट किंवा काळसर होणें, शेपटी खालीं पडणें, विष्ठा हिरवी, पातळ अथवा रक्तमिश्रित होणें, हीं लक्षणें दिसतांच उद्यांवर ढकलूं नये. छातीचें उभें हाड बोटांनीं चांचपावें. तें धारेसारखें लागलें, तर ती कित्येक दिवस उपाशी आहे असें समजावें.

२. निराळी जागा. आजारी कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. प्रथम निरोगी पक्ष्यांस दाणापाणी द्यावें, शेवटीं आजारी पक्ष्याकडे जावें, आणि नंतर साबणानें हात धुवावे. मुलांनीं तिला मांडीवर घेऊं नये, दुरून बोलावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. एकाच वेळीं अनेक पक्षी पटापट मरूं लागले, मान पिळवटूं लागली, पाय-पंख लुळे पडले, किंवा तोंड सुजून तुरा जांभळा झाला, तर तें घरगुती शुश्रूषेचें काम नव्हे. तो रानीखेत किंवा बर्ड फ्लू असूं शकतो. सन २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील बर्ड फ्लूची पहिली सांथ उघडकीस आली, तेव्हां लाखों पक्षी नष्ट करावे लागले होते. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयींच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानें अशा रोगाचा संशय येतांच वर्दी देणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. वर्दी दिल्यानें आपली कोंबडी जाईल या भीतीनें जो गप्प बसतो, तो शेजाऱ्याचीं खुराडीं धोक्यांत घालतो.

मागील आषाढांत माझ्या नातीची ‘सोनी’ नांवाची तांबडी कोंबडी आजारी पडली. शेजारच्या वहिनींचा संसार वीस-बावीस कोंबड्यांच्या अंड्यांवर चालतो. आपल्या घरचें दुखणें सांगावें कीं न सांगावें, असा मला घटकाभर विचार पडला. वहिनी रागावतील असेंही वाटलें. अखेर कुंपणापाशीं जाऊन म्हणालों, “वहिनी, आमच्या कोंबडीचें लक्षण ठीक दिसत नाहीं. रोग कळेपर्यंत तुमच्या कोंबड्या डालून ठेवा.” त्या म्हणाल्या, “भाऊ, सांगितलंत हें फार बरं केलंत. मागच्या खेपेला कुणी सांगितलं नाहीं, आणि माझं खुराडं ओस पडलं.” हें उत्तर मी विसरलेलों नाहीं.

३. ऊब. कोंबडीच्या शरीराची उष्णता स्वभावतःच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. आजारी पक्षी खात नाहीं, म्हणून ती उष्णता राखण्यांतच त्याची उरलीसुरली शक्ति खर्च होते. सबब औषधाच्या आधीं ऊब द्यावी. खोक्यांत किंवा मोठ्या टोपलींत वाळलेला पेंढा घालून ती वाऱ्यापासून दूर ठेवावी व आंतील हवा सुमारें ३० अंश राहील असें करावें. हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत; त्यांवर विसंबूं नये. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून एका बाजूस ठेवाव्या व निवल्या कीं बदलाव्या. दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे उकडल्यास तिला सरकतां येतें. चोंच उघडून धापा टाकूं लागली, तर ऊब अधिक झाली असें जाणावें. भर उन्हाळ्यांत मात्र ऊब नको, सावली हवी.

४. पाणी. उपासानें कोंबडी कांहीं दिवस तगते, पाण्यावांचून तितकी तगत नाहीं. वजनाच्या दर किलोमागें दिवसाकाठीं सुमारें ५० मिलिलिटर पाणी पोटांत जावें. जुलाब होत असल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा लहान सपाट चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ विरघळवावें. मीठ यापेक्षां अधिक घालूं नये. जास्त मीठ कोंबडीस विषासमान आहे. पाणी रोज ताजें करावें. ती स्वतः पीत नसेल, तर सुई काढलेल्या पिचकारीनें चोंचेच्या कडेवर एकेक थेंब सोडावा, व तो तिनें गिळल्यावरच दुसरा सोडावा. मानच धरवत नसेल, तर कांहींही पाजूं नये. तिला पशुवैद्याकडेच न्यावें.

५. अन्न. ऊब व पाणी मिळाल्यावर अन्नाचा विचार करावा. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळीं चांचपून पाहावी. रात्रभरांत ती रिकामी झाली असेल, तर बाजरीच्या कण्यांची मऊ पेज अथवा कुस्करलेलें उकडलेलें अंडें थोडें थोडें द्यावें. पिशवी भरलेली, टणक किंवा आंबट वासाची असल्यास आणखी अन्न घालूं नये. कोंबडी उलटी धरून ती पिळण्याचा प्रघात जीवघेणा आहे.

६. अंडें अडकणें. कोंबडी वारंवार जोर करिते, उभी राहून शेपटी हलविते, पण अंडें येत नाहीं. अशा वेळीं अंगास सोसेल इतक्या कोमट पाण्यांत तिचा मागील भाग पंधरा-वीस मिनिटें बुडवून धरावा, मग कोरडी करून उबेंत व अंधारांत ठेवावी. पोट दाबूं नये. आंत अंडें फुटल्यास जीव जातो. कांहीं तासांत सुटका न झाल्यास पशुवैद्यास गांठावें.

७. नोंद. कारकुनाची खोड म्हणा, पण मीं सोनीसाठीं एक वही घातली. तारीख, सकाळचें वजन, पाणी, अन्न व विष्ठेचा रंग, असे पांच रकाने. पहिल्या दिवशीं वजन ९८० ग्रॅम, दुसऱ्या दिवशीं ९६०, तिसऱ्या दिवशीं ९६५. डोळ्यांना तिच्यांत कांहींच फरक दिसत नव्हता, परंतु घसरण थांबली हें वहीनें सांगितलें. पशुवैद्यांनीं विष्ठा तपासून जंतांचा विकार ठरविला व औषध दिलें. वही पाहून त्यांस फारसे प्रश्न विचारावे लागले नाहींत. बाराव्या दिवशीं वजन १,१२० ग्रॅम भरलें. निरोगी असतांनाचें तिचें वजन मात्र माझ्यापाशीं नव्हतें. तें असतें, तर दुखणें आठ दिवस आधीं कळलें असतें. आतां आमच्या घरीं दर महिन्यास सर्व कोंबड्या तराजूंत बसतात.

औषध चालूं असतां व नंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस अंडीं खाऊं नयेत. इतकें करूनही कोंबडी मेली, तर ती ओढ्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. कुत्रीं उकरणार नाहींत इतका खोल खड्डा करून, चुना घालून पुरावी. मुलांस खरें सांगावें. रानीखेतीस मात्र शुश्रूषेपेक्षां प्रतिबंधच उपयोगी: पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत वा नाकांत लशीचा थेंब, व सहा ते आठ आठवड्यांचीं झाल्यावर टोंचणी, हें चुकवूं नये.

सोनी पंधराव्या दिवशीं अंगणांत उतरली. त्याच सायंकाळीं वहिनींनींही आपल्या कोंबड्या मोकळ्या सोडल्या. ऊब, पाणी, सावकाश हात आणि शेजाऱ्याशीं खरेपणा, या चार गोष्टींस पैसा फारसा लागत नाहीं. वाचकांनीं त्या आजच ध्यानीं धराव्या. कोंबडी मान टाकून बसल्यावर मासिक शोधण्यास सवड मिळत नाहीं.